दुसरा निरीक्षक

आमच्या विभागात एक नियम होता आणि तो मीच केला होता. एका दीर्घिकेचा वर्णपट दोघांनी बघायचा, पण एकमेकांचं उत्तर न बघता. आपापल्या रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा, शेजारी सही करायची, आणि सगळे वर्णपट संपल्यावरच दोन्ही रजिस्टरं समोरासमोर ठेवून जुळवायची. मधे विचारायचं नाही, खुणावायचं नाही. "हे जरा विचित्र आहे" असंसुद्धा मोठ्यानं म्हणायचं नाही.

हा नियम मी मोडला. चार उन्हाळ्यांपूर्वी, हिंगणघाटच्या आमच्या कॉलेजात, भर दुपारी कूलरसमोर बसून. त्यानंतर साडेतीन वर्षं मी गप्प राहिलो, आणि शेवटी बोललो तेही आपणहून नाही. बोलताना माणूस थोडं स्वतःच्या बाजूनं वळवून घेतोच. लिहिताना तसं होऊ नये म्हणून जपतो आहे.

काम काय होतं ते आधी सांगतो. काही दीर्घिकांच्या मध्यभागी प्रचंड कृष्णविवर असतं आणि त्याच्याभोवती फिरत आत पडणारा वायू इतका तापतो की ते एवढंसं केंद्र अख्ख्या दीर्घिकेपेक्षा जास्त उजेड देतं. अशा केंद्रांना सक्रिय केंद्रं म्हणतात. ती किती दूर आहेत ते त्यांच्या प्रकाशावरून काढता येतं. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशाच्या रेषांची वर्णपटातली जागा ठरलेली असते; दीर्घिका जितकी दूर, तितक्या या सगळ्या रेषा मिळून तांबड्या बाजूला सरकतात. किती सरकल्या ते मोजलं की अंतर निघतं. पुस्तकात याला ताम्रसृती म्हणतात, आम्ही रेडशिफ्टच म्हणायचो.

दुर्बीण आमच्याकडे नव्हती आणि या कामाला ती लागतही नाही. मोठ्या दुर्बिणींनी घेतलेले वर्णपट काही काळानं सगळ्यांना खुले होतात. हिंगणघाटात बसून ते उतरवून घ्यायचे, की झालं. रेडशिफ्ट संगणकही काढतो, पण दीर्घिका अंधूक असली की त्याची फसगत होते, मग माणसाचा डोळा लागतो. पडद्यावर एक वेडीवाकडी, थरथरती रेघ असते. तिच्यातला खरा उंचवटा, म्हणजेच रेषा, कोणता आणि नुसती खरखर कोणती, हे ओळखायचं. दोन उंचवटे सापडले तर भांडण मिटतं, त्यांच्यातल्या अंतरावरून ते कोणाचे हे पक्कं ठरतं. एकच सापडला की पंचाईत. तो लांबच्या दीर्घिकेतल्या मॅग्नेशियमचा असू शकतो, नाहीतर जवळच्या, धुळीनं झाकलेल्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा. एकाचा प्रकाश निघून साडेनऊ अब्ज वर्षं झालेली, दुसऱ्याचा निघून सव्वा अब्ज.

म्हणून उत्तराशेजारी खात्रीचे गुण लिहायचे, एक ते चार. एकच रेषा असेल तर दोनच्या वर द्यायचे नाहीत; दोन म्हणजे शंका आहे. पण दोन माणसांनी एकमेकांचं न बघता ती रेषा तीच म्हणून ओळखली, तर दोघांचे दोन-दोन मिळून तीन धरायचे. तीन म्हणजे विश्वसनीय, आणि शोधनिबंधात तीनपासूनच्याच दीर्घिका घ्यायच्या. म्हणजे दोघांच्या शंकेतून विश्वास तयार व्हायचा, तो फक्त दोघं वेगवेगळे बसले होते एवढ्याच आधारावर.

दुसरी व्यक्ती म्हणजे माझी संशोधक विद्यार्थिनी. कारंजा घाडगेच्या पलीकडच्या एका गावची. वडील जंगल खात्याच्या कामावर जात, घरी गोंडी बोलत. आमच्याकडेच एमएस्सी झाली आणि माझ्याकडे पीएचडीला राहिली. माझ्याकडे येणारी ती पहिली आणि एकटीच. रजिस्टरांची कल्पना तिची. कॉलेजात हजेरी यंत्रावर व्हायला लागल्यापासून कोरी हजेरी रजिस्टरं भांडारात पडून होती, ती तिनं मागून आणली. एका पानावर साठ नावांच्या जागा. त्यात दीर्घिकांचे क्रमांक लिहिताना म्हणाली, "सर, ह्या हजर, ह्या गैरहजर, अन ह्या दांडी मारून दुसऱ्याच वर्गात जाऊन बसलेल्या. आपल्याले ह्या तिसऱ्याच धरा लागतात."

सरावासाठी आम्ही आधी एक पान बघितलं, साठ वर्णपट. त्यांची खरी उत्तरं दुसरीकडे चांगल्या निरीक्षणांतून आलेली होती, त्यामुळे तपासता येणार होती. आमची अकरा ठिकाणी जुळली नाहीत. त्या अकरांपैकी नऊ तिची बरोबर निघाली, दोन माझी.

"सर, चष्मा बदला आता," ती हसत म्हणाली.

मीही हसलो. मला ते लागलं होतं हे मी तेव्हा स्वतःलाही कबूल केलं नसतं. मी एका नावाजलेल्या संस्थेतून पीएचडी करून आलेला माणूस. घरात सगळे दुकानात बसणारे, त्यातून शिकून बाहेर पडलेला मी एकटा. वर्णपट वाचायला तिला मी शिकवलं होतं. आणि दोन वर्षांत ती माझ्यापेक्षा चांगलं वाचत होती. अभिमान वाटायला हवा होता. मला भीती वाटली, की खऱ्या फेरीनंतर रजिस्टरं जुळवताना हेच पुन्हा होणार, पानामागून पान.

खऱ्या फेरीत साडेसहाशेच्या आसपास वर्णपट होते. मे महिन्यात तिचं काम संपलं, तिनं रजिस्टर विभागाच्या कपाटात ठेवलं आणि आठवड्यासाठी गावी गेली. कपाटाची किल्ली विभागप्रमुख म्हणून माझ्या खणात. माझे दोनशेच झाले होते. त्या वर्षी कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती येणार होती, त्याच्या फायली माझ्याकडे होत्या. हे कारण मी पुढे खूप दिवस स्वतःला सांगत राहिलो. फायली खरंच होत्या, पण नसत्या तरी मी ते कपाट उघडलं असतं असं आता वाटतं.

पहिल्यांदा उघडलं ते एका अवघड वर्णपटापाशी अडलो म्हणून. एकच रुंद उंचवटा होता. माझं ठरत नव्हतं. म्हटलं, हिनं काय लिहिलंय एवढंच बघू, आपलं आपण लिहू. तिच्या बारीक अक्षरात होतं: मॅग्नेशियम, गुण दोन, "डावीकडे काही दिसत नाही, शंका." मी माझ्या रजिस्टरात मॅग्नेशियम लिहिलं, दोन लिहिलं, सही केली.

मग सोपं झालं. आधी मी वर्णपट बघून मग तिचं उत्तर बघायचो. दुसऱ्या दिवसापासून आधी तिचं उत्तर, मग वर्णपट. हे काम केलेल्यालाच कळेल, पण एकदा उत्तर वाचलं की खरखरीतसुद्धा तोच उंचवटा दिसायला लागतो. आणि खरंच दिसतो, ढोंग करावं लागत नाही. चौथ्या दिवशी मी वर्णपट उघडणंच सोडलं. कूलरचं पाणी बदलायचं, रजिस्टर उघडायचं, नुसतं उतरवायचं.

यापेक्षा वाईट गोष्ट अजून सांगायची आहे. सगळंच जुळलं तर संशय येईल म्हणून दहा-बारा ठिकाणी मी मुद्दाम वेगळं लिहिलं. ते मात्र विचार करून लिहिलं, जिथे दोन-तीन रेषा स्पष्ट होत्या आणि माझं चुकीचं उत्तर खोडून काढणं सोपं होतं अशाच ठिकाणी. एकच रेषा असलेल्या एकेचाळीस दीर्घिका होत्या, अंधूक म्हणून सगळ्या यादीत दोनशेनंतरच्या. त्या मी हुबेहूब उतरवल्या. आमच्या निबंधाचा निष्कर्ष त्यांच्यावरच उभा राहणार हे मला माहीत होतं. त्या सगळ्या मॅग्नेशियमच्या, म्हणजे दूरच्या निघाल्या तर इतक्या दूर इतकी अंधूक सक्रिय केंद्रं आहेत हे नवं ठरणार होतं.

जूनमध्ये आम्ही रजिस्टरं जुळवली. ती वाचत होती, मी बरोबरच्या खुणा करत होतो. एकेचाळीस संपल्यावर ती थांबली.

"एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. सर, खरंच चष्मा बदलला काय?"

"हो," मी म्हणालो. बदललाही होता.

निबंध छापून आला. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. त्यात पद्धतीच्या परिच्छेदात एक वाक्य होतं की प्रत्येक वर्णपट दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासला. ते वाक्य इंग्रजीत मी लिहिलं. कॉलेजनं आम्हा दोघांना शाल-श्रीफळ दिलं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात परदेशातल्या एका गटाचा ईमेल आला. भाषा अतिशय सभ्य. आमच्या एकेचाळीसपैकी पाच दीर्घिकांचे त्यांनी मोठ्या दुर्बिणीवर, जास्त वेळ देऊन वर्णपट घेतले होते. पाचपैकी चार जवळच्या निघाल्या. मॅग्नेशियम नव्हतंच, हायड्रोजन होता. एकच रेषा असताना तुम्ही यांना विश्वसनीय कसं ठरवलंत, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

तिचा प्रबंध तेव्हा विद्यापीठात सादर झालेला होता, खुली मौखिक परीक्षा बाकी होती. प्रबंधाचं तिसरं प्रकरण म्हणजे याच एकेचाळीस दीर्घिका.

ती ईमेलचा कागद घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली. "पाचपैकी चार, सर. एखादी असती तं समजलं असतं."

"बघू आपण," मी म्हणालो.

"मी दोनच दिले होते सगळ्याइले. शंकाच लिहिली होती. पण तुमालेबी तेच दिसलं म्हणून तीन झाले. दोघाइले चूक दिसते अन तीबी एकसारखी, असं कसं होईन?" ती खुर्चीत बसली. "मी तुमच्यापासूनच शिकली ना. माहीच नजर तिरपी असन, अन मी विचारता विचारता तुमचीबी तशीच करून टाकली असन. मी काही बोलली होती का तेव्हा? खुणावलं होतं?"

"नाही. तू काही बोलली नव्हतीस."

तिथेच सांगायला हवं होतं. वाक्य तोंडाशी आलं होतं असंही म्हणता येणार नाही. ते आलंच नाही. मी पेपरवेट हातात घेतला आणि खाली ठेवला.

आठवडाभरात प्राचार्यांनी बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत, कॉलेज सांभाळणं हे त्यांचं काम. दार लावून घेऊन म्हणाले, "पेपरवर पहिलं नाव तिचं आहे ना? मग उत्तर तिलाच देऊ द्या. लिहा की विद्यार्थिनीचा अनुभव कमी पडला, मार्गदर्शकाच्या सूचनेनुसार दुरुस्ती करतो आहोत. बात खतम. तिचं वय आहे, ती सावरेल. तुमच्या निवृत्तीला आठ-नऊ वर्षं राहिली, आता नवीन झमेला कशाला?"

मी "बघतो" म्हणून उठलो. "नाही" म्हणालो असतो तर कारण द्यावं लागलं असतं.

त्यानंतरचे अडीच महिने मी तिला रोज बघत होतो. सकाळी येऊन ती जुने वर्णपट उघडायची, ज्यांची उत्तरं पक्की माहीत आहेत तेसुद्धा, आणि स्वतःची परीक्षा घेत बसायची. आधी झटकन सांगायची ते आता तीन-तीनदा खोडायची. ज्या वर्णपटात शाळकरी मुलालाही दोन उंचवटे दाखवता आले असते, तिथेही ती गुण एक लिहायची. मला ते शेजारच्या टेबलावरून दिसत होतं. एक दिवस वर्ध्याला जाऊन आली. कशाला ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

जानेवारीत एका सकाळी ती लॅबमध्येच आईशी फोनवर बोलत होती. गोंडीत. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं, मधूनच "सर" एवढा शब्द यायचा. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"प्रबंध मागं घेऊन राह्यली सर. आईले तेच सांगितलं."

"आई काय म्हणाल्या?"

"म्हणे, सर काय म्हणतात." ती थांबली. "काय सांगू?"

"घाई करू नको म्हणावं."

"घाई?" ती हसली. "सात वर्षं झाले सर. माह्या बहिणीचं पोरगं शाळेत जाते आता."

मग तिनं पिशवीतून कोऱ्या कागदांचे दोन गठ्ठे काढले. तिनं आधीच ठरवून आणलं होतं. मागे घेण्याआधी एकदा, फक्त एकदा, ते एकेचाळीस दोघांनी पुन्हा बघायचे. इथेच, आज, पाठीला पाठ लावून. तिनं वर्णपटांवरचे क्रमांक काढून टाकले होते आणि क्रम उलटापालटा केला होता.

माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगतो. एकेचाळीसही मॅग्नेशियम होते. सगळीकडे मॅग्नेशियम लिहिलं की माझं जुनं आणि नवं जुळेल, आणि कोणी काही विचारणार नाही.

"यात मी दुसऱ्याबी वीस टाकल्या हायेत," ती खुर्ची वळवत म्हणाली. "एकाच रेषेच्याच, पण उत्तर पक्कं असलेल्या, काही हायड्रोजनच्याबी. कोणत्या ते मलेबी माईत नाई, प्रोग्रामनंच मिसळवल्या."

अकरा वाजता बसलो. जिनिंगचे दिवस होते, खिडकीच्या जाळीला कापसाची लव चिकटलेली होती. तिच्या बाजूनं माऊसचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. पोट दुखतं म्हणून उठता आलं असतं. शिपायाला खुणावून प्राचार्यांचा निरोप आणवता आला असता. मी उठलो नाही, यात काही शौर्य नव्हतं. उठण्याचं कारण सांगताना तिच्याकडे बघावं लागलं असतं.

आणि मग मी वर्णपट बघायला लागलो. खऱ्या अर्थानं पहिल्यांदाच. चार वर्षांत मी या दीर्घिकांवर निबंध लिहिला होता, दोन भाषणं दिली होती, आणि त्यातली एकही मी स्वतःच्या डोळ्यांनी ओळखली नव्हती. सातव्या की आठव्या वर्णपटाशी थांबलो. उंचवटा रुंद होता, पण त्याचा उजवा खांदा किंचित फुगलेला. हायड्रोजनच्या अगदी बाजूला नायट्रोजनची बारीक रेषा असते, ती त्या कुशीत दडली की खांदा असाच दिसतो. मॅग्नेशियमला असा खांदा नसतो. मी हायड्रोजन लिहिलं. पुढे तसे आणखी सापडले. तिचा डोळा रेषा शोधण्यात माझ्यापेक्षा तेज होता, पण खांदे ओळखण्याची सवय मला होती, जुन्या संस्थेत त्याच्यावरच घासलो होतो. त्या उन्हाळ्यात मी नुसतं बघितलं असतं, तर आमचं जुळलं नसतं. जुळलं नसतं तर दोनचे तीन झाले नसते आणि या दीर्घिका निबंधात आल्याच नसत्या. दोन माणसं लागतात ती याचसाठी.

तीन वाजता संपलं. तिनं दोन्ही कागद घेतले, रजिस्टरं काढली आणि एका मोठ्या कागदावर चार रकाने आखले. तिचं जुनं, माझं जुनं, तिचं नवं, माझं नवं. ती भरत गेली. मी उभा होतो. निम्म्यावर तिचा पेन हळू झाला, मग पुन्हा चालू लागला, आणि तिनं शेवटपर्यंत भरून घेतलं.

"माहं जुनं अन नवं जुळते," ती म्हणाली. "तीन-चार सोडले तं सगळं." बोट पुढे सरकलं. "तुमचं जुनं माह्या जुन्याशी जुळते. सगळंच." बोट शेवटच्या रकान्यावर आलं. "तुमचं नवं कोणाशीच जुळत नाई सर. माह्याशी नाई, अन तुमच्या जुन्याशीबी नाई."

तिची नजर कपाटाकडे गेली.

"कपाटाची किल्ली तुमच्याकडंच राहते ना?"

"हो."

"मी तवा गावाले गेलती."

"हो."

"किती?"

"पहिले दोनशे मी बघितले होते," मी म्हणालो. "पुढचे तुझे उतरवले."

"अन हे एक्केचाळीस?"

"यातला एकही माझा मी ओळखला नव्हता."

तिनं पेनाचं टोपण लावलं. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलती सर. वर्ध्याले. म्हटलं रंग दिसण्यात काही खोट असन, नाईतं एकाच बाजूले कमी दिसत असन. त्यानं दोन घंटे तपासलं. म्हणे, काईच नाई झालं तुमच्या डोळ्याले, कोणं सांगितलं तुमाले? मी त्याले काय सांगू, कोणं सांगितलं?" ती उठली. "अन तुमी हे तीन महिने बाजूच्याच टेबलावर बसून होते."

"तू शंका लिहिली होतीस," मी म्हणालो. "ती बरोबर होती. ती मी पुसली."

"काऊन?"

मी फायलींचं सांगायला तोंड उघडलं आणि बंद केलं. "सरावाच्या पानावर तुझी नऊ बरोबर आली होती," मी म्हणालो. "माझी दोन."

तिला समजायला एक क्षण लागला. मग तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीकडे वळलो. "मले वाटलं होतं तुमाले आनंद झाला," ती म्हणाली, आणि चार रकान्यांचा कागद घडी घालून घेऊन गेली.

पाच दिवस ती आली नाही, फोनही नाही. त्या कागदाच्या जोरावर ती थेट विद्यापीठात जाऊ शकत होती, आणि गेली असती तर मी तिला दोष दिला नसता. पाचव्या दिवशी मी तिला मेसेज केला की निबंध छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहितो आहे, पाठवण्याआधी वाचशील का. सहाव्या दिवशी ती आली. बसली नाही, उभ्यानंच वाचलं.

"अनवधानाने," ती म्हणाली. "हे काढा."

काढलं.

"कामाच्या ताणामुळं. हेबी."

तेही काढलं. उरलं ते तीन ओळींचं होतं: दुसऱ्या निरीक्षकानं पहिल्या निरीक्षकाची उत्तरं बघून उतरवली, ही गोष्ट पहिल्या निरीक्षकाला माहीत नव्हती, हा निबंध मागे घ्यावा. दुसरा निरीक्षक मी. तिनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "आता पाठवा. अन प्राचार्याइले तुमीच सांगा, मी नाई सांगत."

प्राचार्यांनी उठून दार लावून घेतलं. मग हळूच म्हणाले, "अहो, कोणी विचारलंही नव्हतं तुम्हाला." उतरवलं का, असं तिच्याशिवाय कोणी विचारलं नव्हतं हे खरं. विद्यापीठानं पुढे माझी मार्गदर्शक म्हणून मान्यता काढली, विभागप्रमुखपद गेलं. भावाच्या दुकानात लोक विचारतात, तो काय सांगतो ते मी विचारत नाही. मासिकाला पत्र पाठवलं त्या रात्रीच मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्या पोरीचं काय होणार?

तिचं असं झालं: प्रबंध परत आला, पण नापास होऊन नाही, दुरुस्तीसाठी. नवीन मार्गदर्शक मिळाले. आर्वीच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिका दुसऱ्या निरीक्षक झाल्या. तिसरं प्रकरण तिनं नव्यानं केलं. एकेचाळीसपैकी तेवीस शंकास्पद म्हणून सोडून दिल्या, निष्कर्ष लहान झाला. मी त्यात कुठे नव्हतो. पुढच्या खोलीत बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला तरंगलांबी शिकवत होतो आणि ती जिन्यावरून जाताना ऐकू यायची.

मौखिक परीक्षा खुली असते, कोणीही जाऊन बसू शकतं. मी येऊ का, असं तिला विचारण्याचा मला हक्क नव्हता, म्हणून गेलो नाही. त्या दिवशी दुपारी दोनच्या तासाला मी काय शिकवलं ते आठवत नाही. साडेचारला तिचा फोन आला. मागे माणसांचा गलका होता, कोणीतरी तिला फोटोसाठी बोलवत होतं.

"झालं सर. दिली डिग्री."

"अभिनंदन," मी म्हणालो. "अवघड विचारलं का?"

"तिसऱ्या प्रकरणावरच सगळं. आधीचा पेपर काऊन मागं घेतला, ते विचारलं. सगळ्याइसमोर."

"मग?"

"सांगितलं."

"सगळं?"

"हो. तुमचं नाव घेऊन सांगितलं."

मी म्हणालो, "बरं केलंस."

"तुमाले विचारून नाई केलं," ती म्हणाली. मग तिकडून पुन्हा कोणी हाक मारली, आणि "ठेवते" म्हणून तिनं फोन ठेवला.